तोंड आग्नेयेकडे

शहापुरात घर बांधलं तेव्हा हौसेने गच्चीवर एक खोली काढली. नोकरीतून सुटलो की इथे बसून वाचन करायचं, खिडकीतून माहुलीचे सुळके बघायचे, असा बेत मी सगळ्यांना सांगून ठेवला होता आणि सगळ्यांनी तो ऐकून घेतला होता. पुढे त्या खोलीत गणपतीचं मखर राहायला आलं, मग आईचे पितळी हंडे आले, तांदळाचे ड्रम आले, मुलीची चाक नसलेली सायकल आली, "एकदा दुरुस्त करून घेऊ" या आशेवर जगणारे दोन टेबलफॅन आले, आणि एक ऑइलपेंटचा डबा आला, ज्याच्या झाकणापायी घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर कामी आले आहेत. एवढ्या मंडळींत मला काही जागा मिळाली नाही. ती मिळाली ऑगस्ट २०२०मध्ये, आणि तीही सरकारी नियमाने.

झालं काय, ऐन श्रावणात एका रात्री कणकण आली आणि सकाळी चहाला चव लागेना. मी नेहमीच्या सवयीने चहा करणाऱ्या व्यक्तीकडे संशयाने पाहिलं. तिने माझ्याकडे त्याहून जास्त संशयाने पाहिलं. मग ते नाकात काडी घालणं वगैरे झालं आणि यथावकाश करोना झाल्याचा फोन आला. मी फोन ठेवतोय तोवर शेजारच्या खिडक्या लागल्या होत्या, आणि जिना चढतोय तोवर मुरबाडला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, सगळं कळलं होतं. कल्याण-मुरबाड रेल्वेची वाट आमचे सासरे अण्णा स्वतःच्या लग्नाआधीपासून पाहताहेत. शहापूर-मुरबाड बातमीला मात्र रूळ लागत नाहीत.

तेव्हाचा नियम असा होता, की लक्षणं सौम्य असतील आणि घरात स्वतंत्र खोली असेल तर घरीच राहायचं. लक्षणं दिसल्यापासून १० दिवस, त्यातले शेवटचे ३ बिनतापाचे, आणि वर आणखी ७ दिवस घरातच. "दादांसाठी वेगळी खोली आहे का?" असं आशाताईंनी दारातूनच विचारलं, तर बायको म्हणाली, "आहे ना. झाडून ठेवलीय." आमच्या अख्ख्या संसारात तिने माझी सोय इतक्या झटपट कधी लावली नव्हती.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, भीती होतीच, पण आत कुठेतरी उकळ्याही फुटत होत्या. मार्चपासून सगळे घरात कोंडलेले. इतके महिने एकत्र राहून मला घरातली माणसं कळली होती आणि, त्याहून वाईट म्हणजे, त्यांना मी कळलो होतो. एरवी मी सकाळी आसनगावहून लोकल धरणारा माणूस, आठवड्यातले सहा दिवस पत्ते खेळत कल्याणला जायचं आणि पत्ते खेळत परत यायचं, त्यामुळे घरात माझ्याबद्दल एक प्रकारचं गूढ होतं. लोकल आम्हा सामान्यांना बंद झाली आणि ते गूढ लसूण सोलायला बसलं. अशा परिस्थितीत स्वतंत्र खोली, जेवण जागेवर, कामाला कुणी हाक मारायची नाही, आणि वर लोक म्हणणार "काळजी घ्या". मी जाताना पुस्तकांचा गठ्ठा घेतला, ट्रान्झिस्टर घेतला, पत्त्यांचा कॅट घेतला आणि मुलीचा जुना मोबाइल घेतला. सिनेमे बघायचे म्हणून.

करमणुकीची एकेक साधनं कशी निकालात निघाली ते थोडक्यात सांगतो. पुस्तकं वाचायला चष्मा लागतो, तो खाली फ्रिजवर राहिला होता. तो दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर येताना जिन्याच्या कठड्यावर आपटला आणि त्याची एक काडी निखळली, म्हणून तो धरून वाचावं लागे, आणि एका हाताने चष्मा, दुसऱ्याने पुस्तक धरलं की तापात पान कोण उलटणार? ट्रान्झिस्टरवर अस्मिता वाहिनी छान लागायची, पण खोलीवर पत्रे आणि पत्र्यावर शहापूरचा पाऊस, त्यामुळे निवेदिका काहीतरी गोड बोलते आहे एवढंच कळे. पत्त्यांत चौकट राणी नव्हती, ती बहुधा लोकलमध्येच कल्याणच्या पुढे गेली असावी. राहता राहिला मोबाइल. त्याला रेंज फक्त पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर यायची. सिनेमाचा नायक नायिकेला काहीतरी महत्त्वाचं सांगायला तोंड उघडे, आणि मग ती चकती फिरत राही, फिरत राही, आणि माझ्या डोक्यावर पाऊस पडत राही. त्या सिनेमात त्याने तिला काय सांगितलं, मला अजून माहीत नाही.

तर अशा वेळी माझ्या आयुष्यात छत्री आली.

छत्री म्हणजे टीव्हीची डिश. टीव्ही खाली हॉलमध्ये आणि डिश वर, माझ्या खोलीच्या दाराबाहेर कठड्याला ठोकलेली. घरातला टीव्ही ही तेव्हा फार नाजूक बाब झाली होती. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा सुरू केलं, सकाळी ९ आणि रात्री ९, आणि आई १९८७ साली बसायची तशीच अंघोळ करून टीव्हीसमोर बसू लागली. त्या वेळी अख्ख्या आळीत टीव्ही एकच. ओटीवर मोठी माणसं, मध्ये बायका, आणि आम्ही पोरं दाराच्या चौकटीला चिकटलेली. मला तिथून अर्धाच पडदा दिसायचा. त्यामुळे माझ्या वाट्याला रामायणाची फक्त उजवी बाजू आली होती. डावीकडे काय घडलं ते मला २०२०मध्ये कळलं.

पुढे रामायण संपलं, जुलैत मालिकांचे नवे भाग सुरू झाले, आणि ५ ऑगस्टला अयोध्येचं भूमिपूजन टीव्हीवरून दाखवणार होते. आईने त्याची वाट आदल्या आठवड्यापासून पाहिलेली. आणि नेमका त्याच दिवसांत पाऊस असा काही पिसाळला, की मुंबईत कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला. आमच्याकडे वाऱ्याने एवढंच केलं, की आग्नेयेकडे बघणाऱ्या छत्रीचं तोंड इगतपुरीकडे फिरवलं. खाली पडदा निळा झाला. "बाळा," खालून आईची हाक आली, "तू वरच आहेस ना?"

मी वरच होतो. मी दुसरीकडे कुठे असणार?

आता, डिश बसवणारा मुलगा येणं शक्य नव्हतं. गल्लीच्या तोंडाला बांबू लागले होते आणि ते माझ्यामुळेच लागले होते. तेव्हा अंगात रेनकोट, तोंडावर मास्क, एका हातात पावसाची छत्री आणि दुसऱ्या हातात टीव्हीची, असा मी उभा राहिलो. निरोपाची साखळी अशी होती: आई टीव्हीसमोर, तिला कमी ऐकू येतं; चिरंजीव जिन्याच्या तळाशी, त्याला ऐकू येतं पण लक्ष नसतं; आणि मी वर, पत्र्याच्या आवाजात.

"आलं का?"

"बाबा, डावीकडे!"

"माझ्या डावीकडे की छत्रीच्या?"

"छत्रीला डावं असतं का?"

पूर्वीच्या काड्यांच्या अँटेनाचं बरं होतं. फिरवला की चित्र लगेच हलायचं, मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, माणसाला आपण काहीतरी करतोय असं वाटायचं. या डिजिटल डब्याला मात्र सिग्नल पकडून चित्र दाखवायला काही सेकंद लागतात. त्यामुळे योग्य जागा येऊन गेल्यावर खालून "आलं!" अशी आरोळी यायची, तोवर मी पुढे सरकलेला असायचो, म्हणून लगेच "गेलं!" यायचं. मी मागे यायचो, तोपर्यंत त्या "गेलं"चं उत्तर म्हणून पुढचं "आलं" येऊन थडकायचं. आईने ते भूमिपूजन तुकड्यातुकड्यांनी पाहिलं. पण पाहिलं, आणि शेवटी तिथूनच हात जोडून म्हणाली, "बरं झालं हो, याला वर ठेवलं."

त्या एका वाक्याने माझं बस्तान बसलं. पाऊस आला की चित्र जाणार, चित्र गेलं की मला हाक येणार. आणि एक चमत्कार सगळ्यांच्या लक्षात आला: मी छत्रीला हात लावून थोडा वेळ उभा राहिलो की चित्र हमखास यायचं. फिरवायचीही गरज नाही, नुसता हात. मग ही कीर्ती घरात पसरली. "बाबांचा हात लागला की येतं." बायको, जिने गेल्या कित्येक वर्षांत माझा कशाला हात लागू दिला नव्हता, कारण मी हात लावला की ती वस्तू बिघडते असा तिचा अनुभव, ती जिन्यातून हळुवार आवाजात म्हणू लागली, "अहो, मालिका संपेपर्यंत जरा तसेच उभे राहा ना."

सकाळची पाळी चिरंजीवांची. शाळा बंद होत्या आणि सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' चालू झालं होतं. आमचा सातवीत. वडील पावसात उभे राहून शिक्षण मिळवून देताहेत, हे दृश्य त्याच्या मनावर कायमचं कोरलं जाईल अशी माझी समजूत. पण गणिताचा पाठ लागला की सिग्नल हटकून जायचा, आणि पाठ संपून दुसरं काही लागलं की हटकून यायचा, हे काही मला झेपेना. मी फिरवून फिरवून थकलो. शेवटी आईने फोन करून सांगितलं, "अरे, चांगलं स्पष्ट दिसतंय. हा टीव्हीकडे पाठ करून 'गेलं, गेलं' म्हणून ओरडतोय."

या सगळ्याचा एक लाभार्थी वर्ग आणखी होता. बांबूंमुळे गल्ली बंद, कुणाला कुठे जाता येत नव्हतं, बघायला काही नव्हतं. समोरच्या काकूंनी पहिल्या दिवशी खिडकी किलकिली केली. मग खुर्ची गॅलरीत आली. पुढे त्यांच्या मांडीवर भाजलेल्या शेंगांचा वाडगा दिसू लागला. मी रेनकोटची टोपी सावरत आत निघालो की त्या शेंग सोलता सोलता विचारायच्या, "आज एवढंच?"

मधल्या काळात माझी तब्येत बरी होती हे सांगायचंच राहिलं. आशाताई रोज यायच्या. एका आशाताईच्या वाट्याला साधारण १००० वस्ती असते, त्यात तो पाऊस, आणि ही बाई प्रत्येक दाराशी हसून विचारपूस करते, हे आठवलं की आजही मान खाली जाते. त्यांनी ऑक्सिमीटर लावायला शिकवलं होतं: ९५ किंवा वर असेल तर ठीक, ९४ किंवा खाली गेलं तर लगेच कळवायचं. एकदा संध्याकाळी छत्रीची पाळी संपवून मी ओल्या, गार बोटाला ते चिमटं लावलं. इंग्रजी आकडे होते. ६६.

मी चष्म्याची काडी धरून पुन्हा पाहिलं. ६६च. मी जिन्यातून तेवढ्याच थंडपणे, म्हणजे बऱ्यापैकी किंचाळून, आकडा खाली कळवला. पुढची काही मिनिटं घरात काय चाललं होतं ते मला आवाजांवरूनच समजलं: बायकोने मुरबाडला फोन लावला, तिथे आधी कॉलर ट्यूनवरची ती बाई हिंदीतून करोनाशी कसं लढायचं ते पूर्ण सांगेपर्यंत बायको "अगं बाई, लवकर, लवकर" म्हणत राहिली, आईने देवापुढे निरांजन लावलं, मुलीने रुग्णवाहिकेचा नंबर शोधला, आणि चिरंजीव रडत रडत म्हणाला की तो यापुढे गणिताला "गेलं" म्हणणार नाही. मी कॉटवर पडून श्वास लागतोय का ते पाहत होतो आणि तो आता लागायला लागला होता. शेवटी मुलीने व्हिडिओ कॉल करून आशाताईंना जोडून घेतलं. त्यांनी क्षणभर पाहिलं.

"दादा, हात फिरवा. यंत्र उलटं बघताय. ९९ आहे."

श्वास लागायचा तिथेच थांबला. मुरबाडला ही दुसरी बातमी मात्र पहिलीइतक्या वेगाने गेली नाही. तिथे सासूबाईंनी नवस बोलून टाकला होता.

बरं, चव आणि वास. वास जाणं, चव जाणं ही लक्षणं केंद्राने त्याच वर्षी १३ जूनला यादीत घातली होती, पण चव आणि वास नेमके श्रावणात जावेत हा माझा खास योग. आमच्याकडे त्या दिवसांत ठाकूर-कातकरी बायका बाजारात कंटोली घेऊन बसतात, टाकळा असतो, कुर्डू असते, भारंगी असते. वर्षभर ज्याची वाट पाहायची ते ताटात आणि जिभेला सगळं एकच. घरच्यांनी दुःख केलं, पण फार नाही. कडू उतरलेली भारंगी वर, तळाला लागलेला भात वर, कुणी खात नाही म्हणून दोन दिवस फ्रिजमध्ये फिरणारं कारलं वर. मी सगळं पुसून खायचो आणि थाळी खाली गेली की बायको कौतुकाने म्हणायची, "आजारी पडल्यापासून किती शहाण्यासारखे जेवता हो."

काढ्याचंही तसंच. गवती चहा, आलं, मिरी, दालचिनी, हळद, तुळस आणि घरातल्या प्रत्येक बाईला सुचलेलं आणखी एकेक औषध, असा तो काढा मुलं नाक दाबून प्यायची. मी घोट घोट घेऊन प्यायचो. फोनवर सासूबाईंनी विचारलं, "जातो का हो काढा?" मी जावयाच्या मर्यादेने म्हटलं, "छान लागतो. अजून असता तरी चाललं असतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनी ठेवलं होतं.

सुटका झाली तेव्हा २२ ऑगस्टचा गणपती तोंडावर आला होता. खाली उतरलो तर माझी पदवी बदललेली. ज्याला होऊन गेलाय त्याला परत होत नाही, असं तेव्हा जो तो खात्रीने सांगे, त्यामुळे रेशनच्या रांगेत मी, बँकेत मी, दळणाला मी, शेजारच्यांचं वीजबिल भरायलाही मी. आजारी असताना माझ्यापासून दहा हात लांब राहणारे लोक आता फाटकात उभे राहून हाक मारू लागले, "जरा आमची छत्री बघता का? तुमचा हात चांगला आहे म्हणे." काकूंनी पसरवलं होतं.

मुरबाडला अण्णांचा गणपती असतो. त्या वर्षी घरगुती मूर्तीला २ फुटांची मर्यादा घातलेली. अण्णांची शाडूची मूर्ती जेमतेम वीतभर, तिला नियम माहीतही नसणार. दुसऱ्या जिल्ह्यात जायला तेव्हा ई-पास लागायचा. शहापूर आणि मुरबाड दोन्ही ठाणे जिल्ह्यातच, म्हणून लागला नाही. लागला असता तर मी वाचलो असतो. किन्हवली, सरळगाव करत, दोन्ही बाजूंच्या भातखाचरांचा वास घेत, कारण एव्हाना वास परत आला होता, आम्ही पोचलो. दारातच सासूबाई पातेलं घेऊन उभ्या. पेला नव्हे, पातेलं.

"तुम्हाला आवडतो ना."

चवही परत आली होती. त्या काढ्यात नेमकं काय काय होतं ते मी पहिल्या घोटालाच ओळखलं आणि डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना ते भरून आल्याचं वाटलं. त्यांनी दुसरा पेला भरला.

तेवढ्यात पाऊस आला आणि अण्णांचा टीव्ही गेला. सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुमचा हात लागला की येतं म्हणतात." काढ्यापेक्षा छप्पर बरं, असा विचार करून मी शिडी लावली. पण शहापूरची आमची गच्ची सिमेंटची आणि मुरबाडचं घर कौलारू. छत्रीपर्यंत मी पोचलो, हात लावला, आणि खालून आवाज आला, "आलं! आलं!" मला वाटलं, चित्र आलं. पाणी आलं होतं. पायाखालची कौलं फुटून सरळ गणपतीच्या खोलीत धार लागली होती. मेहुण्याने मखरावर ताडपत्री धरली, सासूबाईंनी काढ्याचं पातेलं धारेखाली ठेवलं, आणि अण्णा अंगणातून, जितक्या मानाने जावयाला हाक मारता येते तितक्या मानाने, म्हणाले, "उतरा. टीव्ही नको आम्हाला."

गणपती गेल्यावर डिशवाला मुलगा आला. त्याने छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कौलांकडे पाहिलं. म्हणाला, "काका, छत्री तर जागेवर आहे. मोठा पाऊस आला की सिग्नल जातोच. ढग पुढे गेला की आपोआप येतो. हात लावायचा नसतो." मग त्याने सगळं समजावून दिलं. उपग्रह विषुववृत्ताच्या वर, आपल्याहून पूर्वेला, जवळपास ३६,००० किलोमीटरवर एका जागी दिसतो, म्हणून आपल्याकडच्या छत्र्यांची तोंडं आग्नेयेकडे. आणि त्या लहरी इतक्या बारीक असतात, की शेवटच्या चार-पाच किलोमीटरमधला जोराचा पाऊस त्यांना शोषून घेतो. म्हणजे सीएसएमटीहून आसनगावपर्यंत उभ्याने आलेल्या माणसाला स्टेशनबाहेर शहापूरची रिक्षा मिळू नये, तशातली गत. "मग मी हात लावल्यावर यायचं ते?" मी विचारलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला.

"तुम्ही किती वेळ उभे राहायचात?"

तेव्हा पावसात टीव्ही गेला तर छत्रीला हात लावू नका. पंधरा-वीस मिनिटं थांबा, पाऊस ओसरला की येतो. तेवढ्यात करमत नसेल तर समोरच्या गच्चीकडे बघा. कुणी ना कुणी चढलेलं असतंच.